दिगंबर मास्तरची मोकळी जागा

दिगंबर मास्तरचं नाव निघालं की अजूनही माझ्या कपाळाला आठी पडते. माणूस माझ्यापेक्षा वयाने मोठा, शिकलेला, शाळेत चित्रकला शिकवणारा. अहोजाहो करायला हवं हे मलाही कळतं, पण जमत नाही. तोंडून एकेरीच येतं. तेव्हा एकेरीच लिहिते. ज्याला खटकेल त्याला खुशाल खटको.

महाराष्ट्र व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. अकोल्याला स्टेशनच्या अलीकडे बारा बिऱ्हाडांची एक नवी इमारत झाली होती. प्रत्येकाला दोन खोल्या. पुढे बैठकीची, मागे स्वयंपाकाची, तिच्याच कोपऱ्यात मोरी, आणि त्यामागे सगळ्यांचं मिळून एक अंगण. त्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं, चार ट्रंका, खाट, सायकल आणि कोपऱ्यात छताला टेकेल असा गाद्यांचा ढीग. तो ढीग आमच्यासाठी नव्हता, पाहुण्यांसाठी होता. कोणी अकोटहून कोर्टाच्या तारखेला यायचं, कोणी चांदूर रेल्वेहून पोरगी दाखवायला. वऱ्हाडात पाहुण्याला उतरला कुठे असं विचारत नाहीत, गादी काढतात.

मास्तर आमच्या शेजारी राहायला आला त्याच दिवशी विरजण मागायला म्हणून घरात शिरला. कानामागे पेन्सिल, खिशात घडीची फूटपट्टी, नखांत निळा रंग. माझ्याकडे पाहिलं नाही, सासूबाईंकडे पाहिलं नाही. एक डोळा मिटून चारी कोपरे पाहिले आणि म्हणाला, "वहिनी, हे काढा."

"काय काढू?"

"सगळंच. नजर कशी अडखळते पाहा. नजर अडखळली नाही पाहिजे. जागा लहान नसते हो, आपण ती लहान करतो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "विरजण देऊन वाटेले लाव त्याले." मी तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण मी तेवीस वर्षांची होते आणि मला त्या गाद्यांच्या ढिगाचा मनापासून कंटाळा आला होता.

खरं तेवढं सांगते. माणसाच्या हातात कसब होतं. मुंबईला जाऊन दीड वर्ष कुठेतरी शिकून आला होता. पैसे काही त्याच्याजवळ नव्हते, पण जिनिंग फॅक्टरीबाहेर कापसाच्या गाठींचं बारदान आणि गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या पडून असत, त्या तो मागून आणायचा. बारदान रंगवून त्याचे पडदे केले. पट्ट्या वाकवून त्यावर फळ्या टाकल्या, भिंतीला पुस्तकांची मांडणी झाली. दोन ट्रंका शेजारी शेजारी ठेवून वर गादी, वर काठापदराची जुनी साडी, झाला दिवाण. खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा लावला तर खोली दुप्पट दिसायला लागली. एक भिंत गडद हिरवी आणि बाकी तीन पांढऱ्या, असं अकोल्यात कोणी पाहिलं नव्हतं. बायका रांगेने त्याचं घर पाहायला यायच्या. सहा महिन्यांत बारापैकी नऊ घरांत हिरवी भिंत झाली. आमच्याकडेही झाली, पडदे आणि दिवाणासकट. गाद्यांचा ढीग मी सासूबाईंशी भांडून माळ्यावर टाकला.

आणि मग पाऊस लागला. बाप्पा, तो वास! ओल्या बारदानाला सरकीच्या तेलाचा असा कुबट वास सुटला की जेवण घशाखाली उतरेना. दिवाणात ढेकूण झाले. एक दोन नाही, ट्रंकेच्या कडेने ओळीने. आमच्या ह्यांचे मामा वकील, चांगले इस्तरीचे कपडे घालून आले आणि दिवाणावर बसून चहा पिता पिता मांडी खाजवायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मास्तरला बोलावून दाखवलं. त्याने वाकून पाहिलं, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "ढेकूण आहेत, कबूल. पण वहिनी, रंग पाहा. रंग बसलाय." त्या क्षणी मला पहिल्यांदा त्याची शिसारी आली.

त्याच्या घरी जाऊन बसणं म्हणजे शिक्षा होती. तुम्ही बसलात की तो समोर उभा राहून तुम्हाला पाहायचा, आणि तुमच्याकडे पाहत नसायचाच, तुमच्यामागची भिंत पाहत असायचा. आमचे हे एकदा काळी टोपी घालून गेले तर म्हणाला, "जरा डावीकडे सरकता का? टोपीमुळे भिंत जड दिसते." हे बिचारे सरकले. घरी येऊन मला म्हणाले, मी कारकून आहे का उशी? त्याची बायको शांता गरीब बाई. तिला तर निळं लुगडं नेसायची बंदी होती, का तर हिरव्या भिंतीपुढे ते मरतं म्हणे. ती स्वयंपाकघरात निळं नेसायची आणि कोणी आलं की बदलून बाहेर यायची.

आमच्या सासऱ्यांच्या फोटोचंही तसंच. फोटो वर, दाराच्या चौकटीवर होता, हार घातलेला. मास्तर म्हणाला, फोटो नजरेच्या रेषेत पाहिजे. मी शाळेत गेलेली, मला पटलं. त्याने तो खाली आणून दिवाणाच्या वर लावला. बसणाऱ्याचं डोकं बरोबर सासऱ्यांच्या तोंडाला टेकायचं. महिन्याभरात काचेवर तेलाचा गोल डाग पडला, नेमका त्यांच्या चेहऱ्यावर. सासूबाईंनी स्वतः स्टुलावर चढून फोटो काढला, पदराने पुसला आणि परत वर लावला. माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

पण खरा त्रास रविवारचा. दर रविवारी मास्तर घरातलं सगळं सामान हलवायचा. दिवाण खिडकीखालून भिंतीकडे, खाट भिंतीकडून दाराकडे, टिपॉय मधे, मग कोपऱ्यात, मग परत मधे. तो टिपॉय त्याने स्वतः केला होता. गुडघ्याच्या खाली येईल इतका बुटका, आणि कडेने कापसाच्या गाठीची लोखंडी पट्टी ठोकलेली. आमच्या सगळ्यांच्या नडग्यांना त्याच्या खुणा होत्या. मी एकदा विचारलं, "मास्तर, मागच्या रविवारी बरं दिसत होतं न? काहून हलवता?"

"एका जागी राहिलं की सामान मरतं, वहिनी."

अशा घरात त्याची आई आली.

तोवर आम्हाला वाटायचं की याचं घराणं कुठलं मोठं असावं. बोलणं सगळं पुणेरी. गावाचं विचारलं तर "आमची तिकडे थोडी शेती वगैरे होती," एवढंच. आणि एक दिवस बार्शीटाकळीकडच्या एसटीतून एक बाई उतरून विचारत विचारत आल्या. लुगडं गुडघ्याशी, डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, एका डोळ्यात पांढरं फूल पडलेलं आणि दुसरा डोळा धुरकट. दारात उभं राहून मोठ्याने हाक मारली, "दिगू! अरे दिगू! हे तुहंच घर हाये का दुकान हाये? बसू कुठी?"

मास्तरचा चेहरा मी पाहिला. आईला पाहून माणसाचा चेहरा तसा होत नाही. त्याने आधी गाठोडं घेतलं, पण घेऊन सरळ आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, मग तिला आत घेतलं.

माय आम्हाला सगळ्यांना आवडली. आम्हीही तिला माय म्हणायला लागलो. एक डोळा तिचा कधीचाच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता, तो काढायला ती आली होती. दवाखान्यात ऑपरेशन झालं, दहा दिवस तिथे उताणी पडून राहिली आणि मग डोळ्यांवर पट्टी बांधून घरी आली. डॉक्टरांनी शांताला माझ्यासमोर बजावलं होतं: अजून पंधरा दिवस पट्टी काढायची नाही, वाकायचं नाही, डोक्याला धक्का म्हणून बसता कामा नये. धक्का बसला तर हा डोळा गेला समजा, आणि दुसरा तर नाहीच.

म्हणजे त्या बाईजवळ जगात एकच डोळा उरला होता, आणि तोही पट्टीखाली.

तिची खाट पुढच्या खोलीत, हिरव्या भिंतीला लागून. मास्तरला ते सहन होत नव्हतं, दिसत होतं, पण शांताने पहिल्यांदाच तोंड उघडलं, "पंधरा दिवस काही हलवायचं नाही." एक रविवार गेला, काही हललं नाही. मायने तेवढ्यात घर पाठ केलं. खाटेपासून स्वयंपाकघराचा उंबरा नऊ पावलं. उंबऱ्यापासून मोरी पाच. मोरीजवळच्या दारातून अंगण चार. सकाळी आणि दुपारी ती उन्हात जाऊन बसायची, थंडीचे दिवस होते. जाता येता मोठ्याने मोजायची. मी हात धरायला गेले तर झटकून म्हणाली, "धरू नोको मले, पोरी. मी मोजून चालतो. हे घर आता माह्या पायात बसलं हाये."

दुसरा रविवार. अमरावतीचे एक कापसाचे बडे व्यापारी नवा बंगला बांधत होते. कोणीतरी त्यांच्या कानावर मास्तरचं नाव घातलं, आणि ते दुपारी चारला घर पाहायला येणार होते. मास्तरचा नुसता जीव वरखाली. बंगल्याचं काम मिळालं तर शाळा सोडायची असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. तीन वाजता शांता पोह्यांसाठी कोथिंबीर आणायला गेली. माय अंगणात उन्हात बसली होती. मास्तर आमच्या दारात आला.

"वहिनी, एक टोक धरता का? खाट मागे न्यायची, टिपॉय मधे घ्यायचा. एकट्याने ओढली तर फरशीवर ओरखडे पडतील."

"मायला सांगितलं?"

"ती उन्हात आहे. सांगतो की नंतर. घटकाभराचा तर प्रश्न."

मी टोक धरलं. खोटं कशाला बोलू, मला ती खोली पुन्हा नीट झालेली पाहायची होती. ती खाट, ते औषधाच्या बाटल्यांचं स्टूल, ते खाटेखालचं भांडं हे सगळं मलाही खुपत होतं. आम्ही खाट स्वयंपाकघरात पडद्यामागे नेली. खाटेच्या जागी दिवाण सरकवला. टिपॉय खोलीच्या मधोमध घेतला, त्यावर पितळेची फुलदाणी, तिच्यात ज्वारीची कणसं. दिसत होतं मात्र सुरेख. मग मी घरी गेले साडी बदलायला. व्यापाऱ्यांची बायकोही येणार होती, आणि मला चहाला बोलावलं होतं.

मास्तरने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तो पडदे झटकत राहिला, मी निऱ्या काढत राहिले, आणि शांताला परत यायला उशीर झाला.

चारला मंडळी आली. आम्ही बसलो. व्यापारी मान वर करून मांडणी पाहत होते, मास्तर नजर, रेषा, मोकळी जागा असं काहीबाही सांगत होता. आणि आतून आवाज आला, "पाच." मग थोडं थांबून उंबऱ्यातून, "एक. दोन. तीन."

मी उठायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. इतक्या माणसांत ओरडायचं कसं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मास्तर बोलता बोलता थांबला आणि त्यानेही तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"चार. पाच." सहाव्या पावलाला टिपॉयची पट्टी मायच्या नडगीवर बसली. ती तोंडावर आली. कपाळ दिवाणाच्या ट्रंकेच्या कोपऱ्यावर आपटलं. आणि त्याच वेळी टिपॉयवरची फुलदाणी कलंडली.

मास्तरचा हात फुलदाणीकडे गेला. आधी फुलदाणी. त्याने ती झेलली, सरळ केली, खाली ठेवली आणि मग आईकडे वळला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

माय ओरडली नाही. फरशीवर हात फिरवत राहिली. खाटेचा पाय शोधत होती. पट्टीखालून लाल रेघ गालावर आली. "घर कुठी गेलं?" ती म्हणाली. "दिगू, इथी घर होतं न रे? कुठी गेलं?"

डोळा गेला. व्यापारी आल्या पावली निघून गेले, त्यांचा बंगला कोणी सजवला मला ठाऊक नाही. बारा बिऱ्हाडांनी मास्तरला वाळीत टाकल्यासारखं केलं, आणि त्यात माझं तोंड सगळ्यांत मोठं. फुलदाणीची गोष्ट मी नळावर सांगितली, हळदीकुंकवाला सांगितली, माहेरी जाऊन सांगितली. आईआधी फुलदाणी धरणारा माणूस, थू! असं म्हणून मी खरोखर थुंकत असे. मी हिरवी भिंत पांढरी करून घेतली, पडदे जाळले, गाद्यांचा ढीग माळ्यावरून खाली आणला. सासूबाईंना वाटलं सुनेला अक्कल आली. खाटेचं दुसरं टोक कोणी धरलं होतं हे मला कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मास्तरने सहा महिन्यांत अमरावतीच्या शाळेत बदली मागून घेतली. जाताना आमच्या दारात उभा राहिला होता, मी आतून कडी लावली.

मग सात आठ वर्षं गेली. पुतणीच्या लग्नाला अमरावतीला गेले होते. मांडवात शांता भेटली, निळं लुगडं नेसलेली, केस पांढरे झालेले. हात धरून म्हणाली, "घरी चला. माय अजून आठवण काढतात." नाही म्हणता येईना.

त्यांच्या इथेही दोनच खोल्या. मी दारातच थांबले. भिंती नुसत्या चुन्याच्या. पडदा नाही, आरसा नाही, टिपॉय नाही. एक खाट, दोन खुर्च्या, एक टेबल. आणि फरशीवर प्रत्येक पायाभोवती पांढऱ्या तेलरंगाने काढलेलं वर्तुळ. खाटेच्या चार पायांना चार, खुर्च्यांना आठ, टेबलाला चार. केर काढताना काही हललं तर परत नेमकं तिथेच यावं म्हणून. शांता म्हणाली, "बोटभर सरकलं तरी जेवत नाहीत हे."

मास्तर उठून उभा राहिला. वाळला होता. कानामागे पेन्सिल नव्हती. मला म्हणाला, "बसा वहिनी," आणि मी एका खुर्चीवर टेकले. माझ्या मनात काही पाझर वगैरे फुटला नाही. वर्तुळं पाहून मला उलट जास्तच किळस आली. आता काढून काय उपयोग, असंच वाटलं. ते ओठांवरही आलं होतं.

तेवढ्यात माय आतून आली. हातात पाण्याचा तांब्या. मोजत नव्हती आता, भरभर चालत होती. माझ्यासमोर येऊन बरोबर थांबली, तांब्या पुढे केला. मी घ्यायला उठले, आणि उठताना माझी खुर्ची मागे सरकली.

मास्तर झटकन खाली बसला. दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, आवाज होऊ न देता, आणि एकेक पाय वर्तुळात ठेवायला लागला.

"कोनं हालवलं?" मायने विचारलं.

"कोनी नाही, माय," तो म्हणाला. "सारं जागच्या जागी हाये. तू जाय."

त्याच्या तोंडून ही बोली मी कधी ऐकली नव्हती.

माय गेली नाही. मी तांब्या घेतला तेव्हा माझ्या बांगड्या वाजल्या होत्या. तिने चाचपून माझं मनगट धरलं. काचेच्या बांगड्यांवर हळूहळू बोट फिरवलं, आणि गळ्यातून हं असा आवाज काढला.

"अकोल्याची न तू? शेजारची?"

"हो, माय."

"त्या दिवशी मी उन्हात बसून होतो," ती म्हणाली. "खाट उचलली तवा ह्याच बांगड्या वाजल्या. शांता तं बजारात गेली होती. मले वाटलं, खाटेखालचं झाडून राह्यले असतीन. मांगं ठेवतीन जागच्या जागी." तिचा आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "दिगूनं कधी नाव नाही घेतलं तुहं. म्याही नाही घेतलं. पानी पे."

मी मास्तरकडे पाहिलं. तो फरशीवर गुडघे टेकून खुर्चीचा शेवटचा पाय वर्तुळात बसला का, ते बोटाने पाहत होता. मान वर केली नाही. मी पाणी प्यायले की नाही ते आता आठवत नाही.

बाहेर पडले ती सरळ स्टेशनवर आले. वाटेत सगळा वेळ उजव्या हाताने डावं मनगट धरून ठेवलं होतं, बांगड्या वाजू नयेत म्हणून.